पहारेकऱ्याची यादी

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि पुढच्या सुमारे ४५ मिनिटांत नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. सौदे पाठवणाऱ्या आठ सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर चढवायचे होते. ते सातांवर चढले, आठव्यावर राहून गेले. तिथे २००३पासून वापरात नसलेला जुना कोड पडून होता आणि नव्या सॉफ्टवेअरसाठी निवडलेली खूण नेमकी त्यालाच जागे करणारी निघाली. मागणी पुरी झाली की थांबायचे, हे सांगणारा भाग २००५ मध्येच दुसरीकडे हलवला गेला होता. त्यामुळे तो कोड सौदे पाठवतच राहिला.

अमेरिकेच्या रोखे नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात याहून बोचरी नोंद आहे. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना धाडले होते आणि त्यांत त्या जुन्या कोडचा उल्लेख होता. परंतु ते धोक्याचे इशारे म्हणून आखलेले नव्हते. सहसा ते कोणी वाचतही नसे.

या घटनेत दोन प्रश्न गुंतले आहेत. सगळी यंत्रे ठरल्याप्रमाणे आहेत का? आणि नसतील, तर ते कोणाला कळते? या दोन प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या वाटांनी आली. त्या वाटा पुढे कशा जुळल्या, ते पाहू.

पहिली वाट ओस्लोहून निघते. मार्क बर्जेस हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. विद्यापीठातली युनिक्स यंत्रे निरनिराळ्या घडणीची असल्याने प्रत्येकासाठी वेगळ्या आज्ञावल्या लिहाव्या लागत. १९९३ मध्ये त्यांनी ‘सीएफइंजिन’ हे साधन तयार केले. काय काय करायचे हे पायरीपायरीने न सांगता, यंत्र शेवटी कसे असावे एवढेच लिहायचे. साधन तपासणार, फरक असेल तेवढाच दुरुस्त करणार, आणि फरक नसेल तर हात लावणार नाही. त्यामुळे तेच काम शंभरदा चालवले तरी बिघडत नाही. १९९८ मध्ये बर्जेस यांनी या विचाराची तुलना शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीशी केली.

दुसरी वाट पहाऱ्याची. अमेरिकेत एथन गालस्टाड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ प्रसिद्ध केले. नावावरून व्यापारचिन्हाची अडचण आली, म्हणून २००२ मध्ये त्याचे ‘नागिओस’ झाले. ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरचे दार ठोठावायचे, उत्तर आले नाही तर माणसाला उठवायचे, हे त्याचे काम. कोणाचे दार ठोठावायचे याची यादी मात्र माणसाने हाताने लिहायची. नवा सर्व्हर आला आणि यादीत चढवायचा राहिला, तर तो बंद पडला तरी कोणाला पत्ता नाही. जुना काढून टाकला आणि यादीत राहिला, तर मध्यरात्री खोटी हाकाटी. खोट्या हाकाटीला सरावलेला माणूस खऱ्या हाकेलाही कूस बदलून झोपतो, हे पुण्या-मुंबईत रात्रपाळी केलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

ल्यूक केनीज यांच्या २००५ च्या ‘पपेट’ने या दोन वाटा जोडण्याची सोय केली. सर्व्हरच्या वर्णनातच ‘माझ्यावर असा पहारा ठेवा’ ही नोंद लिहायची. ती मध्यवर्ती दप्तरात जमा होते आणि पहाऱ्याचा सर्व्हर तिथून सगळ्यांच्या नोंदी उचलून नागिओसची यादी स्वतः तयार करतो. २००९ च्या ‘शेफ’मध्ये हेच काम दप्तरात शोध घेऊन करता येऊ लागले. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोमीथियस’ने पुढचे पाऊल टाकले. सेवा कुठे चालू आहेत हे ते चालू व्यवस्थेलाच विचारते.

लिहिण्याचे कष्ट वाचले, ही यातली लहान बाब. यंत्र उभे करणे आणि त्यावर पहारा बसवणे ही एकच कृती झाली, ही मोठी.

मात्र या जोडणीतच एक फट आहे. ज्या सर्व्हरवर पपेट पोचलेच नाही, तो आपली नोंदही पाठवत नाही. म्हणजे जो दुरुस्तीतून सुटला, तोच पहाऱ्यातूनही सुटतो, आणि फलकावर सगळे हिरवे दिसते. दोन स्वतंत्र याद्या असताना निदान त्यांतली तफावत तरी सापडे. म्हणून एक मोजणी या व्यवस्थेबाहेरची हवी. भाड्याच्या बिलावर यंत्रे किती, नेटवर्कवर बोलतात किती आणि पहाऱ्यात किती, हे आकडे एकमेकांशी ताडून पाहायला हवेत.

त्या सकाळी नाइट कॅपिटलमध्ये घाईने एक उपाय झाला. बिघाड नव्या सॉफ्टवेअरमध्ये असावा असे समजून ते सात सर्व्हरवरून काढले गेले. मग तेही आठव्यासारखेच वागू लागले. कोणते यंत्र वेगळे आहे, हे त्या क्षणी सांगणारी एकही यादी त्यांच्या हाताशी नव्हती. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.