१२० ग्रॅमची पुडी
मानवतला आमच्या घरी आबा शेतीची कात्रणं कोनाड्यात जपून ठेवायचे. पेपर वाचून दाखवायचं काम माझं. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली. मग कात्रणांत कधी बीटी म्हणजे वरदान, तर कधी नुसतं विष. मातीतल्या जिवाणूचं जनुक सरकीत घातलं की पऱ्हाटी खाणारी बोंडअळी मरते, ही साधी गोष्ट त्या गदारोळात आबांपर्यंत पोचलीच नाही. हायब्रीड ज्वारीचंही तेच झालं होतं. १९६४ साली सीएसएच-१ आली, तिचं कौतुक झालं. पुढे ‘हायब्रीड’ ही शिवीच झाली.

बीटीच्या ४५० ग्रॅम सरकीसोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावत नाही. आबांनी ती बांधावर भिरकावली, “जागा कशाला अडवायची?”

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. तेव्हा मी कोनाडा उपसला. एकाही कात्रणात त्या पुडीबद्दल ओळ नव्हती.