जड दगडाचा प्रवास

स्वीडिश भाषेंत 'टंगस्टन' या शब्दाचा अर्थ 'जड दगड' असा आहे. १७८१ सालीं कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञानें एका जड खनिजांतून त्याचें अम्ल वेगळें काढलें, आणि १७८३ सालीं स्पेनमधील एलुयार बंधूंनीं प्रत्यक्ष धातु मिळविला. हा धातु वजनानें सोन्याच्या तोडीचा; ३४०० अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णतेवांचून तो वितळत नाहीं. म्हणूनच विजेच्या दिव्यांतील तार त्याची झाली. असा हट्टी पदार्थ मातींत पडला तर तेथेंच पडून राहील, असा सर्वांचा समज होता. तो समज अमेरिकेंत खोटा ठरला.

मॅसॅच्युसेट्स राज्याची केप कॉड ही भूमि वांकविलेल्या हाताप्रमाणें समुद्रांत शिरलेली आहे. हिमनद्यांनीं आणून टाकलेल्या वाळूची ती बनलेली असून, त्या वाळूखालचें गोडें पाणी हाच तेथील वस्तीचा आधार होय. त्याच वाळूवर कॅम्प एडवर्ड्स हें सैनिकी शिक्षणाचें ठाणें आहे. वर्षानुवर्षांच्या नेमबाजीनें तेथील मातीच्या बांधांत शिशाच्या गोळ्यांचा खच सांचला. पाण्यास धोका ओळखून १९९७ सालीं पर्यावरणरक्षणाच्या सरकारी संस्थेनें शिशाच्या गोळ्या झाडण्यास मनाई केली. तेव्हां टंगस्टनची भुकटी व नायलॉन एकत्र दाबून केलेली नवी गोळी पुढें आली. तिला 'हिरवी गोळी' असें कौतुकाचें नांवही मिळालें, आणि १९९९ पासून ती कॅम्प एडवर्ड्स येथें झाडली जाऊं लागली.

चूक हिशेबांत होती. अखंड धातूचा गुण भुकटीसही लागू पडेल असें गृहीत धरलें गेलें. बांधावर आपटून गोळी फुटते व तिचे बारीक कण ओल्या मातींत विखुरतात. हवा आणि ओल मिळतांच त्या कणांचें प्राणवायूशीं संयोजन होतें, पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो, माती आंबट होते आणि टंगस्टेट नांवाचा विद्राव्य पदार्थ तयार होतो. लोहाचे ऑक्साइड विपुल असलेली आंबट माती त्याला बरेंच धरून ठेवते; परंतु अल्कधर्मी माती त्याला सोडून देते, आणि उघड्या वाळूंत धरून ठेवणारें फारसें कांहींच नसतें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, भुकटीचें प्रमाण मोठें असतां, मातींतील सूक्ष्मजीव घटले व गांडुळें मेलीं.

पुढें नेमबाजीच्या मैदानाखालील भूजलांत टंगस्टन आढळलें. फेब्रुवारी २००६ मध्यें गव्हर्नर मिट रॉम्नी यांनीं या गोळ्यांचा वापर थांबविला.

माणसाच्या प्रकृतीविषयीं मात्र घाईनें निर्णय देणें योग्य नव्हे. नेव्हाडा राज्यांतील फॅलन गांवीं १९९७ नंतर मुलांमध्यें रक्ताचा कर्करोग विलक्षण वाढला. सरकारी तपासणींत तेथील लोकांच्या लघवींत टंगस्टन अधिक आढळलें. पण त्याच राज्यांतील इतर गांवींही तें तसेंच आढळलें, आणि रोगाशीं त्याचा संबंध सिद्ध झाला नाहीं.

दोष सिद्ध न होणें आणि निर्दोष ठरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका विषाच्या जागीं दुसरा पदार्थ आणतांना त्याची परीक्षा आधीं व्हावयास हवी होती. केप कॉडला ती नंतर झाली, आणि तीही जमिनीखालच्या पाण्यांत.