विरारपलीकडचा गोलंदाज

डहाणू-तलासरी परिसराचा क्रीडा-इतिहास लिहायचा झाल्यास मैदानांआधी रेल्वेचे वेळापत्रक उघडावे लागेल, असे आमचे मत आहे. मुंबईची उपनगरी गाडी विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत आली ती 2013 साली. पालघर जिल्हा झाला 2014 मध्ये. तलासरीला तर आजही स्थानक नाही.

शार्दूल ठाकूरची कारकीर्द या अंतराच्या हिशेबातच वाचली पाहिजे. 1991 साली पालघरात जन्मलेला हा मुलगा बोईसरच्या शाळेकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. त्याला बोरिवलीच्या शाळेत आणायचे, तर रोजचा प्रवास कसा झेपणार? लाडांनी त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतले. पुढे हॅरिस ढालीत त्याने एका षटकात सहा षटकार मारले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या घराची आठवण मात्र क्वचितच निघते.

फ्रान्समधील रग्बीचे उदाहरण येथे बोलके आहे. कास्त्र हे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीचे गाव. तेथील व्यावसायिक संघ 2013 व 2018 मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. स्क्रममध्ये पहिल्या फळीत खांदा देणारा तिथला ‘प्रॉप’ गावात राहूनही सर्वोच्च स्पर्धा खेळू शकतो. आपल्याकडे अशी सोय नाही.

शार्दूलची भूमिकाही खांदा देणाऱ्याचीच. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबादला पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला. दुसऱ्या कसोटीसाठी जानेवारी 2021 उजाडला. ब्रिस्बेनला भारत 6 बाद 186 असताना त्याने वॉशिंग्टन सुंदरसोबत 123 धावा जोडल्या. स्वतः 67 केल्या, सामन्यात सात बळीही घेतले. पुढल्या वर्षी जोहान्सबर्गला एका डावात 61 धावांत सात बळी. मार्च 2024 मध्ये रणजी उपांत्य सामन्यात मुंबई 7 बाद 106 अशी कोसळली असता नवव्या क्रमांकावर येऊन त्याने 109 धावा काढल्या. चाहते त्याला थट्टेने ‘लॉर्ड’ म्हणतात. त्या थट्टेत कौतुक आहे, पण त्याच्या यशाला नशिबाचा खेळ ठरवण्याची खोडही आहे. आम्हाला ती रुचत नाही.

2018 च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून परतल्यावर त्याने अंधेरीहून पालघरची लोकल पकडली, याचे वृत्तपत्रांना मोठे नवल वाटले. या मार्गावरच्या प्रवाशांना त्यात नवल ते काय? तलासरीच्या मुलाला तर ही गाडी गाठण्यासाठीसुद्धा आधी रस्त्याने डहाणू रोड गाठावे लागते.