रत्नागिरी ते अंटार्क्टिका: तरुण संशोधकांची वाट कशी तयार झाली

मंडळी, बाहेर एवढा उकाडा असताना आपण बर्फाबद्दल बोलणार आहोत, म्हणजे थोडं विचित्रच. पण रत्नागिरीतल्या मुलांना हा विषय सांगायला हवा असं आम्हाला वाटतं. कारण भारताचं ध्रुवीय संशोधन जिथून चालतं ते ठिकाण दिल्लीत नाही. ते गोव्यात वास्कोजवळच्या हेडलँड सडा इथे आहे. सकाळी गाडीत बसलो तर दुपारी तिथे पोचू.

आता थोडं मागे जाऊ. अंटार्क्टिकावर पाय ठेवणारे सुरुवातीचे भारतीय परक्यांच्या मोहिमांतून गेले. वनस्पतिशास्त्रज्ञ गिरिराज सिंग सिरोही १९६० च्या सुमारास अमेरिकन मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचले. पुढे १९७१ ते ७३ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले परमजित सिंग सेहरा हे तरुण संशोधक सोव्हिएत मोहिमेत सामील झाले आणि तिथला हिवाळा त्यांनी काढला. म्हणजे बघा, आपलं स्वतःचं जहाज नव्हतं, तळ नव्हता, तेव्हाही वाट उघडली ती तरुण संशोधकाच्या कामामुळे.

मग आलं १९८१. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबरला गोव्याहून 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. योगायोग असा की, आपल्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही १९८१ चंच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. तो जोडायचा की नाही, हे आता आपल्या हातात आहे.

एवढी धडपड कशासाठी? अंटार्क्टिक करारात मत द्यायचा हक्क नुसती सही करून मिळत नाही. त्या खंडावर भरीव संशोधन करून दाखवावं लागतं. भारताने ते दाखवलं आणि सप्टेंबर १९८३ मध्ये आपल्याला सल्लागार देशाचा दर्जा मिळाला. म्हणजे त्या टेबलावरची आपली खुर्ची शास्त्रज्ञांच्या कामावर उभी आहे. काम करणारी नवी माणसं आली नाहीत, तर ती खुर्ची नावापुरती उरेल.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिसरी मोहीम निघाली. तिच्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या आणि आपल्या अदिती पंत होत्या. पंत नागपुरात जन्मल्या, औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर. ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं पुस्तक हातात पडलं आणि त्यांनी सागरविज्ञान निवडलं. हवाईला शिकल्या, लंडनला पीएच.डी. केली, मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. त्यांचा अभ्यास होता वनस्पती प्लवकांचा. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे ते सूक्ष्म जीव, ज्यांच्यावर अखेरीस आपल्या मिरकरवाड्याच्या बंदरातली मासळीही जगते. अंटार्क्टिकाला गेल्या तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. ही वाट लांबची आहे, हे आम्ही लपवणार नाही.

पण आज ती बरीच आखीव आहे. १९९८ मध्ये गोव्यात वेगळी संस्था निघाली. तिलाच २०१८ पासून राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणतात. अंटार्क्टिकावर 'मैत्री' आणि 'भारती' हे तळ आहेत, आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड इथे २००८ पासून 'हिमाद्री', आणि हिमालयात स्पितीमध्ये 'हिमांश'. एम.एस्सी. करून नेट किंवा गेट दिलं की कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीवर पीएच.डी.ला लागता येतं. विद्यापीठं आणि महाविद्यालयंही मोहिमेसाठी संशोधनाचा प्रस्ताव देऊ शकतात. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्थाही 'मैत्री'वर नोंदी घेते. निवड झाली की कडक वैद्यकीय तपासणी आणि औलीच्या बर्फात प्रशिक्षण असतं. आणि शास्त्रज्ञच जातात असंही नाही. तळावर डॉक्टर, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, सगळेच लागतात.

अडचणही सांगतो. शिष्यवृत्ती साधारण पाच वर्षांची असते. पुढे कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार. म्हणून एकट्याने न राहता ओळखी वाढवायला हव्यात. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने जगभरच्या तरुण संशोधकांनी 'अपेक्स' ही स्वतःची संघटना उभारली. अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती 'स्कार' तरुणांना परदेशातल्या प्रयोगशाळेत काम करायला शिष्यवृत्त्या देते. बर्फावर केलेलं काम मोसमी पावसाला, समुद्राला आणि हवामानालाही लागू पडतं, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

शेवटचा हिशेब करू. पहिलं ध्रुवीय वर्ष १८८२-८३ ला झालं, दुसरं १९३२-३३ ला. त्या दोन्ही वेळी आपण पारतंत्र्यात होतो. पुढचं २०३२-३३ ला करायची जगभर तयारी चालू आहे. आज गोगटे-जोगळेकरमध्ये किंवा शिरगावला पहिल्या वर्षाला असलेली मुलगी तोवर ऐन संशोधनाच्या वयात असेल. तिला आज कुणीतरी एवढंच सांगायला हवं, की बाई, एकदा वास्कोला जाऊन ये. ते सांगायचं काम आपण सगळ्यांनी घ्यावं, म्हणून आजचं हे बोलणं.