सामूहिक संगीतशिक्षणातील शिस्त आणि निष्ठा : लाहोर व मैहर येथील दोन प्रयोग

प्रस्तावना

युवक महोत्सवासाठी समूहवादनाचा संघ बसवणाऱ्या प्राध्यापकांची तक्रार सहसा ठरलेली असते : विद्यार्थी तालमीला वेळेवर येत नाहीत, घरी रियाज करत नाहीत आणि स्पर्धा संपताच वाद्याकडे पाठ फिरवतात. एकट्या गायकाने तालीम चुकवली तर नुकसान त्याचे एकट्याचे होते. वृंदातला एक वादक आला नाही तर उरलेल्या सर्वांची तालीम वाया जाते. म्हणूनच समूहाला शिकवणाऱ्या गुरूला शिस्तीची चिंता अधिक असते. परंतु ही चिंता आजच्या पिढीमुळेच उद्भवली, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लाहोर व मैहर येथे दोन गुरूंनी याच प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे दिली. त्या उत्तरांचा तुलनात्मक विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लाहोर : करारातून शिस्त

विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांचे शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे जुन्या गुरुगृह पद्धतीने झाले. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या या पद्धतीच्या मर्यादा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गंधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या देणग्या आणि विद्यार्थ्यांचे शुल्क हा या संस्थेचा आधार होता. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, स्वरलिपी व परीक्षा ही आधुनिक शाळेची अंगे संगीताच्या शिक्षणात आली.

आरंभी वर्गात विद्यार्थीच येत नसत; तेव्हा पंडितजी रिकाम्या वर्गात ठरलेल्या वेळी तंबोरा घेऊन स्वतः रियाज करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. याच सुमारास वडिलांच्या निधनाची वार्ता आली असताही त्यांनी लाहोर सोडले नाही, अशीही नोंद आढळते. विद्यार्थ्यांकडून अपेक्षित असलेली शिस्त प्रथम त्यांनी स्वतःला लावून घेतली होती.

शुल्क भरून येणारा विद्यार्थी मनात येईल तेव्हा जाऊ शकतो, ही अडचण लवकरच ध्यानात आली असावी. तीवरचा उपाय म्हणजे उपदेशक वर्ग. या वर्गातील विद्यार्थ्याने नऊ वर्षे राहून शिकण्याचा करार करावयाचा आणि संस्थेने त्याचे निवास, भोजन व शिक्षण विनामूल्य चालवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. कराराने दोन्ही पक्ष बांधले जात. संस्थेची बाजू मात्र महाग पडली. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली, पुढे इमारत उभी राहिली, कर्ज वाढत गेले आणि १९२० च्या दशकात त्या इमारतीचा लिलाव झाला.

करारात न मावणाऱ्या निष्ठेचे उदाहरण म्हणून विनायकराव पटवर्धन यांच्याकडे पाहता येईल. १९२२ साली ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत गेले आणि सुमारे दहा वर्षे रंगभूमीवर राहिले. संस्थेच्या हजेरीपटावर ही गळतीच ठरली असती. परंतु १९३१ साली गुरूचे निधन झाल्यानंतर त्यांनी रंगभूमी सोडली आणि १९३२ साली पुण्यात गंधर्व महाविद्यालय सुरू करून उर्वरित आयुष्य अध्यापनाला दिले. १९३१ सालीच शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले होते. इमारत गेली, पण त्या इमारतीत राहून शिकलेल्यांनी कार्य पुढे नेले.

मैहर : धाकातून शिस्त

आजच्या मध्य प्रदेशातील मैहर हे तेव्हा एक लहानसे संस्थान होते. महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्या पदरी असलेल्या उस्ताद अलाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात पोरकी झालेली मुले जमवून वाद्यवृंद उभा केला. सतार, सरोद व इसराज यांच्या जोडीला व्हायोलिन, चेलो ही पाश्चात्त्य वाद्ये त्यात होती. बंदुकीच्या नळ्या कापून तयार केलेले नलतरंग हे वाद्य तर खाँसाहेबांच्याच कल्पनेतून आलेले. येथे शुल्क नव्हते आणि लेखी करारही नव्हता. शिस्तीचा आधार होता तो गुरूचा धाक.

तो धाक किती कठोर होता, हे घरच्या शिष्यांच्या आठवणींवरून समजते. पुत्र अली अकबर यांना झाडाला बांधून मारण्यात आले होते. तरुणपणी ते मैहर सोडून मुंबईस पळून गेले. १९३८ साली शिकण्यास आलेल्या रविशंकर यांनीही एकदा बोलणी खाल्ल्यावर निघून जाण्यासाठी सामान बांधले होते. हे दोघेही पुढे जगविख्यात झाले, म्हणून त्या माराला शिक्षणपद्धतीचे श्रेय देण्याचा मोह होतो. येथे सावध राहिले पाहिजे. अली अकबर पळू शकले, रविशंकर सामान बांधू शकले; कारण दोघांनाही जाण्यासाठी दुसरे ठिकाण होते. वृंदातील पोरक्या मुलांना ते नव्हते. त्यांचे टिकून राहणे ही निष्ठा होती की निरुपाय, हा प्रश्न प्रसिद्ध शिष्यांच्या आठवणी वाचून सुटत नाही.

तुलना आणि निष्कर्ष

दोन्ही प्रयोगांत एक बाब समान आहे : विद्यार्थ्याच्या पोटाची व निवाऱ्याची जबाबदारी लाहोरमध्ये संस्थेने, तर मैहरमध्ये संस्थानच्या आश्रयाने उचलली. दीर्घकाळाची बांधिलकी मागण्यापूर्वी तशीच बांधिलकी दुसऱ्या बाजूने पत्करली गेली होती. भेद आहे तो विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याचा. लाहोरच्या करारात मुदत ठरलेली होती व मुदतीनंतर वाट मोकळी होती. मैहरच्या धाकाला अशी मर्यादा नव्हती.

आजच्या महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीचा नियम आपण विद्यार्थ्याला दाखवतो. परंतु तालमीसाठी वेळापत्रकात तास नसतो, वाद्ये कुलूपबंद असतात आणि दुपारी कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण कोणी विचारात घेत नाही. मैहरचा मार आपल्याला नको आहे आणि नऊ वर्षांचा करार शक्य नाही. तथापि रिकाम्या वर्गात ठरलेल्या वेळी तंबोरा घेऊन बसणे हे आजही प्रत्येक अध्यापकाच्या हाती आहे. विद्यार्थ्यांच्या निष्ठेविषयी तक्रार नोंदवण्यापूर्वी संस्थेने व अध्यापकाने स्वतःच्या बाजूचा करार किती पाळला, हे तपासणे इतिहासाच्या साक्षीने आवश्यक ठरते.