धनुर्धर, त्याचा सोबती आणि निनावी तिसरा

१/
भूमिकाप्रधान संगणकीय खेळांत पात्र निवडण्याची वेळ आली की अनेकांचा हात एकाच चित्रापाशी थांबतो. हाती धनुष्य, पाठीवर भाता आणि पायाशी एखादा लांडगा, चित्ता किंवा खांद्यावर बहिरी ससाणा. हा धनुर्धर आणि त्याचा सोबती प्राणी आपल्या इतिहासात, विशेषतः नांदेड-लातूरच्या परिसराशी जोडलेल्या इतिहासात कसा दिसतो, याविषयी हा धागा.

२/
आधी खेळांची वंशावळ थोडक्यात पाहू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळात १९७५ साली 'रेंजर' हा रानावनात वावरणारा योद्धा अवतरला. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील 'हंटर' दुरून बाण मारतो आणि त्याचे जनावर शत्रूला अडवून धरते. २०१६ च्या 'फार क्राय प्रायमल'मध्ये अश्मयुगीन शिकारी श्वापदे वश करतो. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्येही ही परंपरा कायम आहे.

३/
या खेळांत जनावर माणसाळवणे फार सोपे असते. आमिष टाकावे, कळ दाबावी, काही क्षण थांबावे. रानटी श्वापद जन्माचे आज्ञाधारक होते. चित्रात पात्रे दोनच, धनुर्धर आणि प्राणी. इतिहासातील साधने उघडली की त्याच चित्राच्या कडेला एक तिसरा माणूस उभा असलेला दिसतो. या धाग्यात आपण त्याच्यावर लक्ष ठेवणार आहोत.

४/
मुळात धनुर्धराला प्राण्याची गरज का पडते? बाण लागलेले हरीण क्वचितच जागच्या जागी कोसळते. ते रक्त गाळत दूर पळते आणि झाडोऱ्यात दिसेनासे होते. माग काढण्यास कुत्र्याचे नाक लागते. शिवाय धनुष्याचा पल्ला मर्यादित असल्याने सावज टप्प्यात आणणे किंवा एका जागी रोखून धरणे, हेही काम कुत्र्याचे. ही जोडी गरजेतून जन्मली आहे.

५/
आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग महाभारताच्या आदिपर्वात येतो. पांडव मृगयेला निघाले असता त्यांच्यासोबतचा कुत्रा रानात भरकटतो आणि एकलव्याला पाहून भुंकू लागतो. एकलव्य त्याच्या तोंडात सात बाण मारतो. भुंकणे बंद होते. ते बाण घेऊन कुत्रा पांडवांकडे परततो, आणि आपल्याहून श्रेष्ठ धनुर्धर या अरण्यात आहे हे अर्जुनाला कळते.

६/
ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातील एक व्यक्ती मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. मूळ संहितेत तो कुत्रा पांडवांपैकी कोणाच्या हाती नसतो. शिकारीचे साहित्य वाहणारा एक माणूस त्याला घेऊन मागून चालत असतो. महाभारत त्याला नाव देत नाही. 'कोणी एक नर' एवढीच त्याची ओळख. आपला तिसरा माणूस पहिल्यांदा भेटतो तो येथे.

७/
आता लातूरकडे वळू. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. याच घराण्यातील तिसरा कृष्ण इ. स. ९३९ ते ९६७ या काळात राज्य करीत होता. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या किल्ल्याची उभारणीही याच कृष्णाशी जोडली जाते.

८/
इ. स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या रणांगणावर कृष्णाने चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य हत्तीच्या पाठीवरच मारला गेला. या युद्धात कृष्णाचा मांडलिक, गंग राजा दुसरा बूतुग याच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन बूतुगाने त्याला 'हवे ते माग' म्हटले. मणलेराने गाव मागितले नाही की सोने मागितले नाही. त्याने राजाचा 'काळी' नावाचा कुत्रा मागितला.

९/
पुढे बेळतूरच्या डोंगरावर काळीची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली. दोघेही मेले. मणलेराने आतकूर येथील देवळासमोर काळीच्या स्मरणार्थ शिळा उभारली आणि तिच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली. आतकूर आज कर्नाटकात मंड्य जिल्ह्यात येते. शिळेवर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरलेली असून कन्नड लेखात राजा कृष्ण, तक्कोलमचे युद्ध आणि कुत्र्याचे नाव, सारे काही आहे.

१०/
वीरगळ आपण गावोगावी पाहतो. गावासाठी, गुरांसाठी लढताना पडलेल्या माणसांची ती स्मारके. आतकूरच्या शिळेने तोच मान एका कुत्र्याला दिला. हजार वर्षांहून जुनी ही शिळा काळीचे नाव आजही सांगते. त्याला डुकरावर धावून जायला कोणी शिकवले, त्याच्या जखमा कोण धूत असे, हे ती सांगत नाही. प्राण्याला नाव मिळाले. त्याला घडवणाऱ्याला मिळाले नाही.

११/
राष्ट्रकूटांनंतर हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांकडे गेला. देगलूर तालुक्यातील होट्टलची देखणी मंदिरे त्याच काळाची. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरच्या सीमेपासून फार दूर नाही. येथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय.

१२/
राज्यकारभार, वैद्यक, स्वयंपाक, संगीत, चित्रकला, दागिने... राजाच्या आयुष्यातील बहुतेक सारे या ग्रंथात आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही बहुमोल नोंदही त्यातलीच. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा पहिला खंड १९२५ साली प्रसिद्ध झाला. संपादक होते गजानन कुशाबा श्रीगोंदेकर. एका मराठी माणसाने चालुक्य राजाचा दरबार आपल्यासाठी पुन्हा उघडला.

१३/
आपल्या विषयासाठी महत्त्वाचा भाग विनोदांचा. येथे 'विनोद' म्हणजे मनोरंजन. शस्त्रविनोदात धनुर्विद्या येते. सारमेयविनोद कुत्र्यांचा, श्येनविनोद ससाण्यांचा. मृगयाविनोदात शिकारीच्या एकवीस पद्धती दिल्या आहेत. माणसाळवलेले हरीण पुढे करून रानातली हरणे जवळ आणायची आणि राजाने बाण सोडायचा, हीही त्यांतली एक पद्धत. खेळांतील 'रेंजर'ची सारी कौशल्ये बाराव्या शतकातच एका ग्रंथात मांडलेली आहेत.

१४/
चित्त्याच्या साहाय्याने केलेल्या शिकारीचा भारतातील सर्वांत जुना ज्ञात उल्लेखही याच 'मानसोल्लासा'तील मानला जातो. अकबराच्या चित्तेखान्याच्या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. त्याच्या चार शतके आधी आपल्या शेजारच्या कल्याणीत हा प्रकार ग्रंथबद्ध झाला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

१५/
चित्ता माणसाळवणे म्हणजे काय काम होते? बंदिवासात चित्त्याची पैदास जवळजवळ होत नसे. शिवाय पिल्लू धरून उपयोग नव्हता, कारण शिकार त्याला आईच शिकवते. म्हणून रानातला वाढलेला चित्ता फासात धरावा लागे. मग त्याच्या डोळ्यांवर झापड बांधायची, भोवती माणसांचा वावर आणि बोलणे सतत ठेवायचे, हातून मांस भरवायचे. महिनोन् महिने हे चाले. कळ दाबून होणारे हे काम नव्हते.

१६/
शिकारीच्या दिवशी झापड घातलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत. काळवीट माणसाला बुजते, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली असते. पुरेसे अंतर कापले की झापड काढायची. पुढचा सारा खेळ थोड्या वेळाचा. सावज हाती लागले तर चित्तेवानाने धावत जाऊन चित्त्याला थोडे मांस देऊन सोडवायचे. सावज निसटले तर चिडलेल्या श्वापदाजवळ आधी जायचे तेही त्यानेच. वाहवा मात्र मालकाची.

१७/
हे ज्ञान होते कोणाकडे? महाराष्ट्रात त्याचे मोठे वारसदार म्हणजे पारधी. 'फासेपारधी' हे नावच फासावरून आले. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने हरणांच्या कळपाजवळ सरकण्याची त्यांची पद्धत विख्यात होती. बैल चरत चरत पुढे जाई, पारधी त्याच्या सावलीत चाले. सोबती प्राणी म्हणजे लांडगा किंवा गरुडच, असे समजणाऱ्यांनी या बैलाचाही विचार करावा.

१८/
आणि मग १८७१ साल आले. ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्माच्या आधारावर संपूर्ण जमातींना गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद, हजेरी आणि हालचालींवर बंधने सुरू झाली. भटक्या शिकारी जमाती त्यात भरडल्या गेल्या, पारधीही त्यांतलेच. माग काढण्याचे, दबा धरण्याचे, रानात राहण्याचे जे कौशल्य राजाच्या दरबारी विद्या होते, तेच आता संशयाचे कारण झाले.

१९/
याला एक लखलखीत अपवाद कोल्हापूरचा. राजर्षी शाहू महाराजांच्या संस्थानात चित्त्यांनी शिकार करण्याची परंपरा होती. या महाराजांनी फासेपारध्यांना दूर लोटले नाही. त्यांना नोकऱ्या दिल्या, विश्वासाची कामे दिली. जनावर जपायचे आणि जनावर जाणणारा माणूसही जपायचा, हे शहाणपण त्या काळात फार थोड्यांनी दाखवले.

२०/
१९५२ हे वर्ष येथे मुद्दाम नोंदवावे. त्या वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' झाल्या. सोबती प्राणी गेला आणि त्याच्या जाणकाराची बेडी सुटली, दोन्ही एकाच वर्षी. बेडी सुटली तरी शिक्का पुसला गेला नाही. सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्यांनी संशय जिवंत ठेवला.

२१/
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. वन्यजीवांसाठी ती आवश्यकच होती. परंतु ज्यांची उपजीविका शिकारीवर होती, त्यांच्यासाठी पर्यायी वाट पुरेशी आखली गेली नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींची यादी आजही वाचून पाहा. पारधी, फासेपारधी यांच्याबरोबर त्यात 'चित्ता पारधी' हेही नाव आहे. चित्ता रानातून गेला, तो सरकारी कागदावरील जमातीच्या नावात उरला.

२२/
१७ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे नेमक्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये आणले गेले. देशाने त्या क्षणाचा सोहळा केला. प्राण्याचे पुनर्वसन हा राष्ट्रीय विषय होऊ शकतो, तर पिढ्यान् पिढ्या त्या प्राण्याला ओळखणाऱ्या माणसांचे पुनर्वसनही तितक्याच अगत्याचा विषय व्हायला हवा.

२३/
या साऱ्याचा एक जिवंत धागा नांदेड जिल्ह्यात पाहता येतो. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवे, कुत्री यांची तेथे रीघ लागते. अश्व व श्वान प्रदर्शनेही होतात. खंडोबाच्या हाती धनुष्य नसून खड्ग असते, पण घोडा आणि कुत्रा त्याच्या मूर्तीसोबत असतातच. तेथे जाल तेव्हा जनावराबरोबर त्याची दोरी धरणाऱ्याकडेही पाहा. दात, खूर, चाल पाहून जनावर ओळखणारी विद्या त्याच्यापाशी आहे.

२४/
भारतीय पार्श्वभूमीचे खेळ आता घडू लागले आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी' हा खेळ आणला. त्यातील मुलगी त्रिशूळ चालवते, धनुष्यही चालवते. तुमच्यापैकी कोणी उद्या असा खेळ रचणार असेल, तर सामग्री दूर शोधायला नको. होट्टलची मंदिरे, कंधारचा खंदक, काळी नावाचा कुत्रा आणि मृगयेच्या एकवीस पद्धती वाट पाहत आहेत.

२५/
एवढेच करा : पात्र निवडण्याच्या पडद्यावर तिसरे चित्रही ठेवा. धनुर्धर नको, जनावर नको. जनावराला घडवणारा निवडण्याची सोय द्या. त्याला आपल्या भागातले एखादे नाव द्या, घर द्या, बोली द्या. महाभारतापासून आतकूरच्या शिळेपर्यंत कोणी दिले नाही ते एखादा खेळ देऊ शकेल.

धागा आवडल्यास इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवा. आपल्या गावात कुत्रा किंवा घोडा कोरलेला वीरगळ असेल, तर त्याचे छायाचित्र गावाच्या नावासह खाली जरूर द्या.