वेरूळच्या डोंगराचें विस्मरण कधीं झालें होतें काय?

छत्रपती संभाजीनगराच्या वायव्येस, देवगिरीच्या किल्ल्यापासून खुलताबादच्या पठारावरून वेरूळपर्यंत जी डोंगरांची ओळ गेली आहे, तिच्या कुशींत बौद्ध, शैव, जैन, महानुभाव, दत्तोपासक व सूफी अशा सर्वांचीं पूज्य स्थानें आहेत. अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं जॉन स्मिथ ह्या आंग्ल अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलीं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तिच्याच धर्तीवर वेरूळचीं लेणींही मध्यंतरीं विस्मृतींत गडप झालीं होतीं, अशी समजूत पुष्कळांची असते. ही समजूत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. उपलब्ध साधनें एकत्र मांडलीं असतां ह्या डोंगरावरील मनुष्याचा राबता कधींही फार काळ तुटलेला दिसत नाहीं. मात्र हीं साधनें मुख्यतः संस्कृत, मराठी व फारसी ह्या भाषांत विखुरलेलीं असल्यामुळें, एकाच भाषेच्या दप्तरांत शोधणाऱ्यास ती सांखळी तुटलेली भासते.

आरंभ ताम्रपटापासून करूं. राष्ट्रकूट कर्कराज सुवर्णवर्ष ह्याच्या शके ७३४ (इ. स. ८१२-१३) मधील बडोदें ताम्रपटांत, कृष्णराजानें एळापुरीं उभविलेल्या अद्भुत शिवालयाचें वर्णन आहे. विमानांतून जाणाऱ्या देवांस तें स्वयंभू वाटलें, आणि ज्यानें तें घडविलें त्या शिल्प्यासही आपल्या हातून हें कसें साधलें ह्याचा अचंबा वाटला, असा त्याचा भावार्थ. हें शिवालय म्हणजे कैलास लेणें होय, असें बहुतेक विद्वान मानतात.

आतां ह्याच वास्तूविषयीं सुमारें सातशें वर्षांनंतरची मराठी साक्ष पाहावी. कृष्ण याज्ञवल्की ह्याच्या कथाकल्पतरु ग्रंथांत अशी कथा आहे कीं, देवालयाचें शिखर दृष्टीस पडल्यावांचून अन्न न घेण्याचा राणीनें नेम केला. तेव्हां पैठणच्या कोकास नांवाच्या शिल्प्यानें शिखरापासूनच कामास प्रारंभ केला, आणि राणीच्या नांवावरून देवालय माणिकेश्वर म्हणून प्रसिद्ध झालें. कथेंतील राणी ऐतिहासिक असो वा नसो, कैलास वरून खालीं कोरीत आणला आहे, हें तंत्र कथेनें अचूक जपलें आहे. कोणी म्हणेल, वास्तु पाहूनच हें अनुमान काढतां येईल. तसें असल्यास पाहणारे तेथें जात होते, एवढें तरी सिद्ध होतेंच.

ह्या दोन टोकांमधील काळही रिता नाहीं. जैन लेण्यांच्या वरच्या अंगास असलेल्या पार्श्वनाथाच्या भव्य मूर्तीवर शके ११५६ चा लेख असून, चक्रेश्वर नामक श्रावकानें ती स्थापिल्याचें व हा डोंगर चारणांच्या वास्तव्यानें पुनीत असल्याचें त्यांत सांगितलें आहे. त्याच शतकांत श्रीचक्रधरांचा मुक्काम एळापुरीं झाला. त्या मुक्कामांतील लीळा म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत ग्रथित आहेत. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपींत असल्यामुळें ही साक्ष दीर्घकाळ बाहेरच्या जगास मुकी होती, कै. वि. का. राजवाडे ह्यांनीं सकळ लिपीचा उलगडा केल्यावर तिला वाचा फुटली. साक्ष होती, पण वाचणारा नव्हता, ह्याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

फारसी बाजूस फिरिश्त्याचें कथन प्रसिद्ध आहे. इ. स. १३०६-०७ च्या सुमारास अल्पखानाच्या सैन्यांतील कांहीं शिपाई वेरूळचीं लेणीं पाहावयास गेले असतां, देवलदेवीस घेऊन जाणाऱ्या तुकडीशीं त्यांची गांठ पडली व ती हातीं लागली, असें तो लिहितो. फिरिश्ता ह्या प्रसंगानंतर तीनशें वर्षांनीं लिहीत होता, हें विसरून चालणार नाहीं. तथापि प्रसंग खरा मानला नाहीं, तरी सतराव्या शतकाच्या आरंभीं 'लेणीं पाहावयास जाणें' हें दख्खनच्या वाचकास स्वाभाविक वाटत होतें, एवढें निश्चित.

पठारावर खुलताबादेस ह्याच काळीं नवें पावित्र्य आलें. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलविल्यानंतर शेख बुर्हानुद्दीन गरीब इकडे आले व १३३७ सालीं येथेंच निवर्तले. बुर्हाणपुराचें नांव त्यांच्यावरूनच पडलें. त्यांचीं वचनें शिष्यांनीं नफाइस-उल-अन्फास आदि ग्रंथांत टिपून ठेविलीं. पुढें त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी ह्यांच्या दर्ग्याच्या आवारांत औरंगजेबाची साधी कबर झाली. मोगलांशीं आयुष्यभर झुंजलेला मलिक अंबर (मृ. १६२६) आणि औरंगजेबाच्याच कैदेंत मेलेला गोवळकोंड्याचा तानाशाहा हेही ह्याच गांवीं चिरनिद्रा घेत आहेत.

जपानांतील कोया पर्वताची येथें सहज आठवण होते. कूकाई ह्या आचार्यानें ८१६ सालीं तेथें मठ स्थापिला. त्याच्या समाधीच्या सान्निध्याच्या ओढीनें दोन लाखांहून अधिक स्मारकें उभीं राहिलीं, आणि ताकेदा शिंगेन व उएसुगी केन्शिन हे हाडवैरीही तेथें शेजारी झाले. कूकाईनें चीनमधून नेलेल्या मंत्रयानाचें मूळ भारतांतच आहे, आणि वेरूळच्या बाराव्या लेण्यांत बुद्धाभोवतीं आठ बोधिसत्त्व मांडलेले मंडलपट त्याच परंपरेशीं नातें सांगतात. भेद एवढाच कीं, कोयाचा वारसा एका संप्रदायानें सांभाळला. आमच्या डोंगराचा वारसा अनेकांत वांटला गेला.

पुढील काळाविषयीं विस्तार नको. एकनाथमहाराजांनीं गुरु जनार्दनस्वामींच्या आज्ञेनें शूलिभंजनावर अनुष्ठान केलें, असें परंपरा सांगते. थेवेनो ह्या फ्रेंच प्रवाशानें १६६७ सालीं लेणीं पाहिलीं. साकी मुस्तैदखानानें मआसिर-इ-आलमगिरींत त्यांचें वर्णन केलें. वेरूळची पाटिलकी भोसल्यांकडे होती, आणि लेण्यांपासून हाकेच्या अंतरावरील घृष्णेश्वराचें आजचें देवालय अठराव्या शतकांत होळकर घराण्यानें बांधविलें. लोकांच्या तोंडचीं नांवेंही हीच साक्ष देतात. कैलासास रंगमहाल म्हणत. दहाव्या लेण्यांतील बुद्धास सुतार मंडळी विश्वकर्मा मानून पूजीत आणि त्या लेण्यास 'सुतार झोपडी' म्हणत. देवाची ओळख पालटली, परंतु पूजा खुंटली नाहीं.

येणेंप्रमाणें विस्मरण डोंगराचें झालें नव्हतें. आपल्याच साधनांचें झालें होतें. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, आपल्यास न येणाऱ्या लिपीचें बाड निरुपयोगी म्हणून वेगळें काढूं नये, रुमालांतील सुटीं पानें मूळ जागीं ठेवावीं, आणि पोथी कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत मिळाली याची टीप तिच्यासोबतच असावी. संस्कृत जाणणारा, मोडी वाचणारा व फारसी समजणारा असे तिघे एका बैठकीस बसले, तर ह्या डोंगराच्या इतिहासांतील आज रितीं दिसणारीं आणखी कांहीं वर्षें भरून निघतील, अशी आमची खात्री आहे.